परदेशातल्या उन्हाळ्याची प्रेमकथा : पार्श्वभूमी

शाळा संपून महाविद्यालय सुरू होण्याआधीच्या सुट्टीत परदेशी गेलेल्या १७-१८ वर्षांच्या मुलीला तिथे प्रेम भेटते आणि स्वतःची ओळखही पटते, अशा इंग्रजी कादंबऱ्या आज कोल्हापुरातील तरुण मुलीही आवडीने वाचतात. अशी कथा घडायला प्रवासाचा पैसा, मोकळा वेळ आणि मनाजोगते माणूस निवडण्याची मुभा या तीन गोष्टी लागतात, आणि मुलींच्या वाट्याला त्या फार उशिरा, एकेक करून आल्या.

प्रवास आधी मुलांचा होता. १७व्या-१८व्या शतकांत इंग्लंडमधील सधन घराण्यांतील तरुण शिक्षणाची सांगता म्हणून फ्रान्स-इटलीत महिनोन्‌महिने हिंडत. त्याला ‘ग्रँड टूर’ म्हणत. पुढे रेल्वे आली आणि मध्यमवर्गीय मुलीही वडीलधाऱ्या बाईच्या सोबतीने निघू लागल्या. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९०८ साली फ्लॉरेन्सला गेलेल्या अशाच एका तरुणीची कादंबरी लिहिली. तीत परके शहर, सोबतीची करडी नजर, अवचित जडलेले प्रेम आणि घरी परतल्यावरचा खरा निर्णय, हे सारे आहे. (हेच फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानाच्या थोरल्या शाखेच्या महाराजांचे खासगी सचिव होते, आणि ते महाराज राजर्षी शाहूंचे जावई.)

फ्लॉरेन्स म्हटले की कोल्हापूरकराला मात्र दुसरेच काही आठवते. छत्रपती राजाराम महाराज १८७० चा उन्हाळा इंग्लंडमध्ये घालवून परतत असताना ३० नोव्हेंबरला त्याच शहरात निवर्तले. त्यांचे वय अवघे २० होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथे १८७४ साली स्मारक उभे राहिले, आणि दौऱ्यात त्यांनी ठेवलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती प्रेमकथा नव्हे. तरीही विशीतल्या कोल्हापुरी तरुणाने परका देश स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलेला तो मजकूर मला या साऱ्या परंपरेत सर्वांत जवळचा वाटतो.

मराठी मुलीसाठी समुद्रापारचा प्रवास प्रथम आला तो कर्तव्य म्हणून. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या वर्षांत मोकळा उन्हाळा कुठला असणार?

प्रेमातील निवडीची मुभा कादंबरीत आधी रुजली, आणि तिथे कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक असलेल्या ना. सी. फडके यांनी सुशिक्षित तरुण-तरुणींचे प्रेम हाच मराठी कादंबरीचा हमखास विषय करून टाकला.

राहिला मोकळा वेळ. आपली सुट्टी एप्रिल-मेची, आणि ती बहुधा आजोळी, आंब्यांच्या आणि मावस-मामेभावंडांच्या गोतावळ्यात सरते. जूनच्या पावसाबरोबर शाळा उघडते. युरोप-अमेरिकेत मात्र उन्हाळा ऐन भरात येतो तो जूननंतर, आणि त्या कथांतील नायिकेला त्यातला एकेक दिवस एकटीने घालवायला मिळतो.