पेरीव भातातील तणनियंत्रण

रोपे तयार करून लावणी करण्याऐवजी बांधीत थेट बी टाकून घेतलेल्या भाताला पेरीव भात म्हणतात. पूर्व विदर्भातली आवत्या (बी हाताने फोकणे) आणि कोकणातली धूळवाफ (कोरड्या जमिनीत पेरणी) व रहू (मोड आलेले बी चिखलात टाकणे) या त्याच्याच पद्धती. लावणीच्या वेळी रोप तीन-चार आठवड्यांचे असते आणि साचलेले पाणी बरेचसे तण दाबून ठेवते. पेरीव भातात मात्र पीक आणि तण एकाच पावसावर सोबत उगवतात. पहिले ४५ दिवस शेत तणात राहिले तर निम्म्याहून अधिक उत्पादन जाऊ शकते.

सर्वांत त्रासदायक तण म्हणजे सावा. कोवळा असताना तो हुबेहूब भातासारखा दिसतो, म्हणून निंदणात भात उपटला जातो आणि सावा राहतो. ओळखायची खूण पानाच्या सांध्यावर आहे. पान खोडापासून हलकेच मागे ओढावे. भाताला तिथे पातळ पांढरा पापुद्रा आणि दोन बारीक केसाळ कान असतात. साव्याचा सांधा सपाट असतो. निंदणाऱ्या प्रत्येकाला ही खूण आधी दाखवून द्यावी.

काम पेरणीआधीच सुरू होते. ओलीवर तण उगवू द्यावे आणि १०–१५ दिवसांनी हलकी वखरणी करून मारावे. खोल नांगरटीने खालचे बी पुन्हा वर येते. पाभरीने २० सेंमी अंतरावर, २–३ सेंमी खोल पेरल्यास पुढे कोळपे चालते. फोकलेल्या शेतात ती सोय नाही.

कोरड्या पेरणीनंतर ३ दिवसांच्या आत पेंडीमेथॅलिन (३० टक्के ईसी) हे तणनाशक हेक्टरी ३.३ लिटर, ५०० लिटर पाण्यातून फवारतात. जमिनीत ओल नसेल किंवा ढेकळे असतील तर ते वाया जाते, आणि बी उघडे राहिले असेल तर भातालाच इजा होते. रहू भातात सेफनरयुक्त (भाताला इजेपासून वाचवणारा घटक मिसळलेले) प्रेटिलाक्लोर हे तणनाशकच वापरावे. साधे प्रेटिलाक्लोर कोवळे मोड मारते. तण २–४ पानांवर असताना, म्हणजे पेरणीनंतर सुमारे १५–२० दिवसांनी, बिसपायरीबॅक सोडियम (१० टक्के एससी) हेक्टरी २००–२५० मिली देतात. फवारणीआधी पाणी काढावे, म्हणजे तणाची पाने उघडी पडतात. दोन-तीन दिवसांत पुन्हा भरावे. पाच-सहा पानांचा सावा या मात्रेला सहसा दाद देत नाही. उशीर झाला असेल तर मात्रा वाढवू नये, हाताने निंदावे.

जंगली भातावर, छत्तीसगडच्या करग्यावर, ही औषधे चालत नाहीत, कारण तो भाताचाच भाऊबंद. तिथे जांभळ्या पानांचा श्यामला हा वाण पेरतात, म्हणजे हिरवे दिसेल ते उपटता येते. पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे वाण इमॅझेथापायर हे तणनाशक सहन करतात, पण जंगली भाताशी संकर झाला तर हा गुण त्यातही उतरतो. म्हणून असे वाण त्याच बांधीत वर्षानुवर्षे घेऊ नयेत, आणि करग्याच्या लोंब्या दाणे झडण्याआधी कापून शेताबाहेर न्याव्यात.