झायलिटॉल आणि एरिथ्रिटॉल: दिसण्यात एक, पचण्यात वेगळे

मधुमेहाला आपल्याकडे ‘शुगर’ म्हणतात, आणि ज्या घरात ती शिरली आहे त्या घरी साखरेच्या डब्याशेजारी हल्ली साखरेऐवजी वापरायच्या पांढऱ्या दाण्यांचा एखादा पुडा दिसू लागला आहे. तो झायलिटॉलचा आहे की एरिथ्रिटॉलचा, हे घरातल्यांना सांगता येत नाही. दोन्ही साखरेसारखे दिसतात, दोन्ही जिभेवर विरघळताना गार लागतात आणि नावाचा शेवटही सारखाच आहे. पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत ९६७ हा क्रमांक असेल तर तो झायलिटॉल, ९६८ असेल तर एरिथ्रिटॉल. ‘स्टेव्हिया’ या गोड पानांच्या वनस्पतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा भर एरिथ्रिटॉलचीच असते.

झायलिटॉल झाडांच्या काष्ठमय भागातील झायलान या घटकापासून तयार करतात. बर्च झाडाचे लाकूड आणि दाणे काढून उरलेली मक्याची कणसे हा त्याचा नेहमीचा कच्चा माल आहे. आपण चुलीत घालतो त्या पऱ्हाटीत आणि तुऱ्हाटीतही झायलान असते, पण म्हणून ती उकळून गोडी निघत नाही. त्यासाठी कारखान्यातील रासायनिक प्रक्रिया लागते. एरिथ्रिटॉल मात्र ग्लुकोज यीस्टकडून आंबवून मिळवतात.

खरा फरक पोटात गेल्यावर सुरू होतो. एरिथ्रिटॉलचा सुमारे ९० टक्के भाग लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो आणि जवळजवळ जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणून एका ग्रॅममागे त्यातून जेमतेम ०.२ कॅलरी मिळते. झायलिटॉल अर्धवटच शोषला जातो. शोषलेला भाग यकृत वापरते आणि उरलेला मोठ्या आतड्यात पोहोचतो, जिथे जिवाणू त्याला आंबवतात व तो स्वतःकडे पाणीही ओढतो. त्यातून एका ग्रॅममागे सुमारे २.४ कॅलरी मिळतात; साखरेतून ४ मिळतात. दोन्हींमुळे रक्तातील साखर फारशी चढत नाही, परंतु झायलिटॉलला ‘शून्य कॅलरी’ समजणे चूक आहे.

पोट फुगणे, गुडगुडणे आणि जुलाब हे झायलिटॉलचे नेहमीचे दुष्परिणाम याच उरलेल्या भागामुळे होतात. शेतावर जाण्याआधी, शेतावर आणि परत आल्यावर मिळून दिवसाला पाच कप चहा घेणाऱ्याने प्रत्येक कपात दोन चमचे झायलिटॉल घातला, तर चार ग्रॅमच्या चमच्याने हिशेब चाळीस ग्रॅमवर जातो, आणि बऱ्याच जणांचे पोट याच्या अलीकडेच कुरकुरू लागते. एरिथ्रिटॉल अधिक सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे: युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला अर्धा ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस ग्रॅम, अशी सुचवली.

स्वयंपाकात झायलिटॉल सोपा, कारण त्याची गोडी साखरेइतकीच असते. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्केच भरते, आणि पदार्थ थंड झाल्यावर त्याचे खडे पुन्हा जमून दाताखाली कचकचतात. दोन्हींना साखरेसारखा खमंग तांबूस रंग चढत नाही.

दातांच्या बाबतीत झायलिटॉलचे नाव अधिक झाले ते फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांमुळे. दात किडवणाऱ्या मुख्य जिवाणूला झायलिटॉलपासून आम्ल बनवता येत नाही, म्हणून जेवणानंतर त्याचे च्युइंगगम चघळण्याचा काही उपयोग होतो. खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, होणाऱ्या नुकसानीवर मात्र या च्युइंगगमचा काडीचाही उपाय नाही, आणि आपल्या भागात दातांची खरी तक्रार तिथलीच आहे.

हृदयाविषयीची शंका दोघांनाही चिकटली आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एरिथ्रिटॉलबद्दल आणि २०२४ मध्ये झायलिटॉलबद्दल दाखवले की, रक्तात यांचे प्रमाण जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका व पक्षाघात अधिक आढळले. हे दोन्ही पदार्थ शरीर स्वतःही थोडे तयार करते, त्यामुळे एवढ्यावरून दोष पुड्याचाच असे ठरत नाही. तीस ग्रॅम घेतल्यावर झायलिटॉल काही तासांत रक्तातून ओसरला, तर पोटाला सौम्य असलेला एरिथ्रिटॉल दोन दिवसांहून अधिक काळ चढाच राहिला. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी काहीच रोज घेऊ नये, असे माझे मत आहे.

एक फरक मात्र जिवावर बेतणारा आहे. झायलिटॉल खाल्लेल्या कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम सुटते आणि त्याची साखर बहुधा तासाभरातच कोसळते. माणसात असे होत नाही आणि एरिथ्रिटॉलने कुत्र्यातही होत नाही. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढा झायलिटॉल कुत्र्याला धोक्याचा ठरतो आणि सुमारे अर्ध्या ग्रॅमपासून यकृत निकामी होण्याची भीती असते. पोळ्याला आजोबांसाठी वेगळी केलेली, पंधरा ग्रॅम झायलिटॉल असलेली एक पुरणपोळी अंगणातल्या पंधरा किलोच्या कुत्र्याने खाल्ली, तर त्या दुसऱ्या मर्यादेच्या दुप्पट मात्रा त्याच्या पोटात जाते. अशा वेळी लडखडण्याची किंवा झटके येण्याची वाट न पाहता त्याला पुड्यासह पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, म्हणजे डॉक्टरांना मागचा क्रमांक वाचता येईल.