फेसलिफ्ट की नवी पिढी? जुनी स्पोर्ट्स कार घेताना थांबायचं कधी आणि उचलायची कधी

"नवीन मॉडेल येतंय, जरा थांब. जुन्याचा भाव पडेल." सेकंड-हँड स्पोर्ट्स कारच्या शोधात असलेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतोच. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण येतंय ते नेमकं काय, हे देणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नसतं. ते फेसलिफ्ट असू शकतं किंवा संपूर्ण नवी पिढी. जाहिरातीत दोन्हींचा गाजावाजा सारखाच होतो, जुन्या गाडीच्या बाजारावर परिणाम मात्र फार वेगळा होतो.

साधारणपणे एखादी पिढी सहा ते आठ वर्षं चालते आणि तिच्या मध्यावर कधीतरी फेसलिफ्ट येतं. त्यात बंपर, हेडलाइट, टेललाइट, आतला स्क्रीन, सीटचं कापड अशा गोष्टी बदलतात. लोखंडी सांगाडा तोच राहतो. जपानी कंपन्या याला 'मायनर चेंज' आणि पिढी बदलण्याला 'फुल मॉडेल चेंज' म्हणतात. बीएमडब्ल्यूवाले 'एलसीआय' म्हणतात, तर पोर्शचे चाहते पिढीच्या क्रमांकापुढे पॉइंट एक, पॉइंट दोन लावून मोकळे होतात.

जुनी आणि नवी गाडी शेजारी उभ्या केल्या तर फेसलिफ्ट की नवी पिढी हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दरवाजे, छप्पर आणि पुढची काच. हे भाग ठोकणारे साचे महाग असतात आणि त्यांना हात लावला की अपघात-चाचण्यांचाही बराचसा खटाटोप नव्याने करावा लागतो. म्हणून फेसलिफ्टमध्ये कंपनी तिकडे सहसा फिरकत नाही. गाडी बाजारात यायच्या आधीसुद्धा हे कळू शकतं. चाचणीसाठी रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांचे फोटो येतात, त्यात नक्षीदार आवरण फक्त नाकावर आणि शेपटाकडे असेल, दरवाज्यांवर काही नसेल, तर ते फेसलिफ्ट समजायला हरकत नाही. गाडी नखशिखांत झाकलेली असेल तर बहुधा नवी पिढी येते आहे.

इथवर सगळं सरळ आहे. गोंधळ पुढे होतो, कारण वरचा बदल आणि आतला बदल यांचं प्रमाण जुळेलच असं नाही.

लहान दिसणारा मोठा बदल

पोर्श ९११ ची ९९७ ही पिढी २००४ मध्ये आली. २००८ मध्ये तिचं फेसलिफ्ट झालं. बाहेरून पाहिलं तर टेललाइटमध्ये एलईडी आले, बंपर थोडे बदलले, बस्स. आत मात्र करेराचं, म्हणजे ९११ च्या मूळ आवृत्तीचं, इंजिन पूर्णपणे नवं होतं, डायरेक्ट इंजेक्शनचं. जुन्या टिपट्रॉनिक ऑटोमॅटिकच्या जागी दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स आला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ९९६ या आधीच्या पिढीच्या काळापासून बदनाम असलेलं इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग नव्या इंजिनात उरलंच नाही, कारण तो शाफ्टच काढून टाकला होता. ते बेअरिंग गेलं तर अख्खं इंजिन जातं. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ९९६ वरून ९९७ वर येण्यापेक्षा ९९७ च्या या फेसलिफ्टच्या अलीकडे-पलीकडे असणं जास्त मोलाचं आहे. (टर्बो आणि जीटी३ ची गोष्ट वेगळी, त्यांचं इंजिन आधीपासूनच वेगळ्या घराण्यातलं होतं.)

पुढच्याच पिढीत हा खेळ उलटा झाला. ९९१ चं फेसलिफ्ट २०१५ मध्ये आलं आणि साध्या करेरातून टर्बोशिवायचं ३.४ आणि ३.८ लिटरचं इंजिन गेलं, त्याच्या जागी ३ लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन आलं. ताकद वाढली, पण आवाजाचा आणि वर चढत जाणाऱ्या आरपीएमचा स्वभाव बदलला. ज्यांना तो जुना स्वभावच हवा होता, त्यांच्या दृष्टीने फेसलिफ्टच्या आधीची गाडीच 'शेवटची' ठरली.

माझदा एमएक्स-५ चं उदाहरण तर आणखी मजेशीर आहे. चालू पिढीत २०१८ मध्ये झालेला बदल बाहेरून शोधूनही सापडत नाही. पण २ लिटरचं इंजिन आतून नव्याने घडवलं गेलं. आरपीएमची मर्यादा ६८०० वरून ७५०० वर गेली, अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे ताकद १५५ वरून १८१ हॉर्सपॉवरवर गेली, आणि स्टीअरिंग पुढे-मागे सरकवायची सोय मिळाली. उंच माणसाला ही शेवटची सोय हॉर्सपॉवरपेक्षाही आवडते. विकणाऱ्याने वर्ष गोलमाल सांगितलं असेल तर आरपीएमच्या काट्यामागचा लाल पट्टा पाहायचा, काम झालं.

मोठा दिसणारा लहान बदल

याच्या उलटही होतं. निसान ३७०झेड नंतर २०२२ मध्ये नवी झेड आली. चेहरा नवा, डॅशबोर्ड नवा, इंजिन नवं: ३.७ लिटरच्या व्ही६ ऐवजी ३ लिटरचं ट्विन टर्बो, ४०० हॉर्सपॉवरचं. पण गाडीचा पाया ३७०झेडचाच. इंजिन हवं असेल तर फरक प्रचंड आहे. मात्र चेसिसची बैठक आणि आतली जागा पूर्ण पालटेल या आशेवर कोणी थांबला असेल, तर त्याचा हिरमोड झाला असणार.

म्हणून माझं मत असं आहे की फेसलिफ्ट की पिढी, हे ठरवलं की निम्मंच काम झालं. त्यानंतर एकच यादी करायची: या बदलात काय काय *जाणार* आहे? काय येणार, ते कंपनी ओरडून सांगतेच. काय गेलं, ते तांत्रिक तपशिलाच्या तक्त्यात तळाशी सापडतं.

भाव पडतो तो कुणाचा?

नवी पिढी आल्याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो एक ते तीन वर्षं जुन्या गाडीला. तिची स्पर्धा थेट शोरूममधल्या गाडीशी असते. पिढी संपत आली की कंपनी उरलेला माल सवलतीत काढते. नवीकोरी गाडीच स्वस्त मिळू लागली की वर्षभर वापरलेल्या गाडीला आपला भाव उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. आठ-दहा वर्षांच्या गाडीला याचं फारसं सोयरसुतक नाही. तिची घसरण आधीच होऊन गेलेली असते आणि यापुढे तिची किंमत ठरते ती स्थिती, सर्व्हिसच्या नोंदी आणि अपघाताचा इतिहास यांवरून. दहा वर्षं जुन्या गाडीसाठी पुढच्या पिढीची वाट पाहत बसलेला माणूस बहुतेक वेळा उगाचच थांबलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. नवी गाडी जाहीर झाल्याच्या रात्री जुन्याचे भाव कोसळत नाहीत. जुन्या गाड्यांचा पुरवठा वाढतो तो मालकांच्या हातात नवी गाडी पडल्यावर, कारण तेव्हाच ते जुनी विकायला काढतात. या दोन तारखांमध्ये बरंच अंतर असू शकतं. शेवरले कॉर्व्हेटची आठवी पिढी जुलै २०१९ मध्ये दाखवली, पण कारखान्यातला संप मध्ये आला आणि उत्पादन सुरू व्हायला फेब्रुवारी २०२० उजाडला. त्यात स्पोर्ट्स कारच्या पहिल्या वर्षी गाड्या मोजक्याच बनतात आणि मागणी मात्र तुंबलेली असते. नवी मिळत नाही म्हणून लोक जुनीकडेच वळतात आणि तिचा भाव टिकून राहतो. लीजवर गाड्या घेण्याची पद्धत जिथे रुळलेली आहे, तिथे लाट येते ती करार संपल्यावर, म्हणजे दोन-तीन वर्षांनी. थांबायचंच असेल तर या तारखेकडे डोळे लावून थांबावं, अनावरणाच्या सोहळ्याकडे नव्हे.

आणि आता तो भाग, जिथे 'थांब, पडेल' हा सल्ला सपशेल उताणा पडतो. नव्या पिढीत एखादी लाडकी गोष्टच काढून टाकली असेल, तर जुनी गाडी उतरत्या भावाची न राहता शोधून काढायची गाडी होते. कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीत इंजिन सीटच्या मागे गेलं आणि क्लचचा पेडल कायमचा गेला. पुढे इंजिन आणि हातात गिअर हवा असणाऱ्याला सातवी पिढी हाच शेवटचा थांबा आहे. बीएमडब्ल्यूच्या एम३ मध्ये व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, एकाच पिढीत आलं, २००७ ते २०१३ च्या. त्यानंतर टर्बोचं सहा सिलिंडरचं. फेरारी ४५८ नंतर २०१५ मध्ये ४८८ आली आणि मधल्या इंजिनाच्या व्ही८ फेरारीत टर्बो शिरला. पोर्श बॉक्स्टर आणि केमन या जोडीला २०१६ मध्ये ७१८ हे नाव मिळालं आणि सहा सिलिंडरची जागा चार सिलिंडरच्या टर्बोने घेतली. नव्या गाड्या आकड्यांत सरस होत्या, पण आवाजावरून इतकी कुरकुर झाली की काही वर्षांनी पोर्शने ४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन वरच्या आवृत्त्यांमध्ये परत आणलं. अशा ठिकाणी पिढी बदलायच्या आधी, लोक नव्याच्या बातम्यांत गुंग असताना, जुनी उचललेली बरी.

जिथे नवं मॉडेल काहीच हिरावून घेत नाही, उलट जुनं दुखणं बरं करतं, तिथे थांबण्यात शहाणपण आहे. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जोडीची पहिली पिढी २०१२ ची. २ लिटरचं इंजिन ४००० आरपीएमच्या आसपास मरगळतं, ही तिच्याबद्दलची कायमची तक्रार. दुसऱ्या पिढीत इंजिन २.४ लिटरचं झालं आणि ती पोकळी भरून निघाली. गाडीचा हलकेपणा, मागच्या चाकांना ताकद, मॅन्युअल गिअरबॉक्स, सगळं शाबूत. इथे पहिल्या पिढीला चिकटून राहायला स्वस्ताईखेरीज फारसं कारण उरत नाही.

फेसलिफ्टच्या वेळचं गणित

फेसलिफ्टमध्ये भाव कोसळत नाही, एक पायरी पडते. आधीची आणि नंतरची गाडी यांच्यात अंतर तयार होतं आणि ते बरीच वर्षं टिकतं. बदल फक्त दिव्यांचा आणि बंपरचा असेल तर त्या पायरीच्या खालची गाडी घ्यावी. तेच इंजिन, तीच चेसिस, कमी पैसे. बदल यांत्रिक असेल तर पायरीचे पैसे डोळे उघडे ठेवून मोजावेत. होंडा एस२००० च्या मागच्या सस्पेन्शनची बैठक २००४ च्या आवृत्तीत सुधारली, कारण आधीच्या गाड्यांचं शेपूट ओल्या वळणावर अचानक सुटायचं. ज्याला अशा गाडीची सवय नाही, त्याच्यासाठी हा फरक दिव्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

या बाबतीत फसवणुकीलाही वाव असतो. फेसलिफ्टचे बंपर आणि दिवे जुन्या गाडीवर बसवून देणारी मंडळी आहेत. बहुतेकजण हौसेखातर करतात, काही विकण्यासाठी. फेसलिफ्ट बाजारात आल्यावर नोंदणी झालेली, पण त्याआधी बनलेली गाडीही सर्रास 'नवी आवृत्ती' म्हणून खपवली जाते. म्हणून नोंदणीच्या तारखेवर जाऊ नये. चेसिस क्रमांकावरून उत्पादनाचा काळ काढावा आणि इंजिनाचा क्रमांक जुळवून पाहावा.

पिढीच्या पहिल्या वर्षाबद्दल मी जरा संशयीच आहे. टोयोटा सुप्रा २०१९ मध्ये परत आली. अमेरिकेत पुढच्याच वर्षी तिची ताकद ३३५ वरून ३८२ हॉर्सपॉवर झाली, आणि २०२२ मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सही आला. पहिल्या वर्षीच्या सुप्रात यातलं काहीच नाही. अर्थात सेकंड-हँड घेणाऱ्याला हे सगळं आधीच माहीत असतं, ते किमतीत उतरलेलंही असतं, एवढा त्याचा फायदा.

आणि कधीकधी पुढची पिढी येतच नाही. एस२००० चं उत्पादन २००९ मध्ये थांबलं, वारस नाही. निसान जीटी-आर २००७ मध्ये ४८० पीएसने (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) सुरू झाली, वर्षागणिक सुधारत ५७० पीएसपर्यंत पोहोचली आणि २०२५ मध्ये त्याच पिढीत संपली. तिच्या वारसाच्या अफवांवर चाहत्यांची एक अख्खी पिढी थांबून राहिली. युरोपात तर नियमांनीच काही गाड्या बाजारातून हटवल्या: सायबर सुरक्षेच्या नियमामुळे पेट्रोलवरची ७१८ तिथे २०२४ मध्ये बंद झाली आणि नव्या सुरक्षा नियमांमुळे जीआर८६, म्हणजे टोयोटा ८६ ची दुसरी पिढी, ही तिथे दोनच वर्षं विकली गेली.

प्रत्यक्षात खरा पेच बहुधा तिसराच असतो: जुन्या पिढीची शेवटची गाडी आणि नव्या पिढीची पहिली गाडी एकाच बजेटमध्ये समोर येतात. ९११ मध्ये म्हणजे फेसलिफ्टनंतरची ९९७ की फेसलिफ्टआधीची ९९१. पहिलीत हायड्रॉलिक स्टीअरिंग आहे, दुसरीत इलेक्ट्रिक. दुसरी मोठी, स्थिर आणि लांबच्या प्रवासाला आरामशीर; पहिली आखूड आणि रस्त्याची प्रत्येक खरवड हातापर्यंत पोहोचवणारी. मी पहिली घेईन. रोज ऑफिसला नेणारा दुसरी घेईल, आणि त्याचंही बरोबर असेल. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खराब रस्त्यावर चालवून पाहाव्यात, आणि जी आवडेल ती सौद्याआधी त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवावी.