एकाच हीटचे दोन पीस: पुढारी म्हणून वकील बरा की कारखानदार?

आमच्या मामांची उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे आणि शेजारचे काका बेळगाव कोर्टात तीस वर्षं प्रॅक्टिस करतात, त्यामुळे निवडणूक ग्रामपंचायतीची असू दे नाहीतर लोकसभेची, आमच्या अंगणात वाद एकच. मामा म्हणणार, "ज्यानं कधी शनिवारचा पगार भागवला नाही, त्याला सरकार काय चालवाय येतंय?" काका म्हणणार, "मामा, तिथं कायदे कराय पाठवतो आपण, पंपाची बॉडी ओताय नव्हे." मग चहा येतो आणि वाद आहे तिथंच राहतो.

खरं या प्रश्नावर चांगलं संशोधन झालंय, आणि ते समजायला मामांची भट्टीच उपयोगी पडली.

साधी तुलना केली तर फसायला होतं. समजा उद्योजक नगराध्यक्ष असलेलं शहर श्रीमंत निघालं. पण मुळात जिथं धंदा जोरात चालतो तिथंच उद्योजक निवडून येत असणार ना? मग शहर त्याच्यामुळं सुधारलं की सुधारलेल्या शहरानं त्याला निवडलं, हे कसं सांगणार? मध्यंतरी मामांचे पीस रिजेक्ट होऊन परत येत होते, आत ब्लो-होल, म्हणजे वाळूत ओल राहिली की गॅस अडकून धातूत पोकळी राहते ती. पोरं म्हणत होती वाळू खराब, सप्लायर म्हणत होता लोखंड खराब. मामांनी काय केलं, एकाच हीटचं, म्हणजे एकाच वेळी वितळवलेलं लोखंड दोन साच्यांत ओतलं, एक जुन्या वाळूचा, एक नव्या. धातू तोच, तापमान तेच, फरक फक्त वाळूचा, आणि दोष वाळूतच निघाला.

अर्थशास्त्रज्ञ निवडणुकीत हेच करतात, ते अगदी चार-दोन मतांनी लागलेले निकाल शोधतात. एका गावात उद्योजक निसटता जिंकला, दुसऱ्या तसल्याच गावात निसटता हरला. इतक्या थोड्या मतांचा फरक म्हणजे जवळजवळ नशिबाचाच खेळ, म्हणून ही दोन गावं एकाच हीटचे दोन पीस धरायला हरकत नाही, पुढं जो फरक दिसेल तो निवडून आलेल्या माणसाचा.

बीच आणि जोन्स या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या नगर परिषदांवर असा अभ्यास करून २०१६ साली छापला. उद्योजक निवडून आल्यानं शहराच्या जमा-खर्चात सांगण्यासारखा फरकच पडला नाही. हे ऐकून काका इतके खूश झाले की त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्यांनी दिले, जे क्वचित घडतं. पण अमेरिकेतल्याच महापौरांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की एकूण खर्च तेवढाच राहिला तरी पैसा कुठं जातो ते बदलतं, पायाभूत कामांकडे जास्त, गरिबांसाठीच्या योजनांकडे कमी. रशियातल्या महापौरांवर डेव्हिड झाकोनी यांनी काम केलंय, तिथंही उद्योजक आला की रस्ते आणि वाहतुकीवरचा खर्च वाढला, दवाखाने आणि शाळा मात्र होत्या तिथंच. मला यात नवल वाटलं नाही, ट्रक खड्ड्यात अडकला की नुकसान त्याच दिवशी दिसतं, शाळेत मास्तर नसल्याचं नुकसान दिसायला पंधरा वर्षं लागतात.

याच झाकोनींचा २०१८ चा अभ्यास जास्त टोचतो. रशियातल्या प्रांतिक विधिमंडळांत ज्या कंपन्यांचा माणूस निवडून आला त्यांचा महसूल, ज्यांचा निसटता हरला त्यांच्या मानानं सुमारे ६० टक्के जास्त वाढला. मामा यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ते रशियात असतंय." तर आपल्याकडचं बघू. आपल्या राज्यांच्या निवडणुकांत जिंकलेले आणि दुसऱ्या नंबरवर राहिलेले यांची प्रतिज्ञापत्रं लावून पाहिली तर जिंकलेल्यांची संपत्ती वर्षाला ३ ते ५ टक्क्यांनी जास्त वेगानं वाढलेली दिसते, आणि यात वकील, कारखानदार, मास्तर सगळेच आले.

आता काकांची पाळी. अमेरिकेतल्या राज्यांत नुकसानभरपाईच्या दाव्यांवर मर्यादा घालणारे कायदे आले तेव्हा कुणी कसं मत दिलं ते तपासलं, तर वकील आमदारांचा कल अशा कायद्यांना विरोध करण्याकडे जास्त. दावे कमी झाले तर धंदा कुणाचा बसणार? काका म्हणतात ते गरीब फिर्यादीच्या हक्कासाठी असेल. असेलही, पण योगायोग फारच सोयीचा आहे की.

म्हणजे मला दिसतं ते असं, पेशामुळं माणूस चांगला-वाईट ठरत नाही, त्याला काय आधी दिसतं आणि काय दिसतच नाही ते ठरतं.

मग राजकारणात एवढे वकील आलेच कसे? जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर १९१९ च्या एका व्याख्यानात म्हणाले होते की वकील धंद्यातून मोकळा होऊ शकतो, उद्योजकाचा पाय निघत नाही. पटतं, काका फाइल ज्युनिअरच्या हातात देऊन सभेला जातात, मामांना पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत साधारण एक तृतीयांश खासदार वकील होते. २०१९ च्या सतराव्या लोकसभेत ४ टक्क्यांच्या आसपास, आणि व्यवसाय-धंदा लिहिणारे २३ टक्के. भट्टी सांभाळायला मॅनेजर ठेवता येतो आता आणि निवडणुकीचा खर्च ज्युनिअर वकिलाला झेपत नाही, हे माझं मत.

फक्त हे आकडे खासदारांनी स्वतः लिहून दिलेले आहेत, त्यात ३८ टक्क्यांनी शेती लिहिलंय आणि कुणाची शेती किती खरी हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. गंमत म्हणजे ही खोड जुनी आहे. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीजवळून जाताना मला नेहमी आठवतं, १९२४ च्या डिसेंबरात इथल्या अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी, जातीनं वाणी आणि शिक्षणानं बॅरिस्टर. मामांचे की काकांचे? तर १९२२ च्या खटल्यात त्यांनी धंदा सांगितला शेतकरी आणि विणकर, आणि त्याच वर्षी लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेनं त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढलं, म्हणजे बेळगावला आले तेव्हा ते कागदोपत्री वकीलही नव्हते.

हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "मग त्यांना कुठल्या रकान्यात घातलास तू?" काका चष्मा पुसत बसले.