फिटचे पहिले काही सेकंद

फिट आलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं की घरचे सांगतात ते बहुतेक वेळा शेवटचं: हातपाय झाडले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. डॉक्टर मात्र सुरुवातीचंच खोदून खोदून विचारतात. मान आधी कुठल्या बाजूला वळली? झटके एकाच हातात सुरू झाले का? त्याआधी पोटातून काही वर चढल्यासारखं वाटलं का?

कारण फिटचा प्रकार ठरतो तो सुरुवातीवरून. मेंदूच्या एका बाजूला, एखाद्या भागात सुरू झाली तर फोकल. दोन्ही बाजू सुरुवातीपासून गुंतल्या तर जनरलाइज्ड. एका हातातून सुरू झालेली फिट पुढे सगळ्या अंगात पसरली, तरी ती फोकलच. ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ या फिटच्या आजारावरच्या जागतिक संघटनेने 2017 साली केलेलं वर्गीकरण 2025 मध्ये सुधारलं, तरी हा पाया तोच राहिला. सुरुवात कळलीच नाही, तर तसं नोंदवायचीही सोय त्यात आहे. पुढचा प्रश्न शुद्धीचा: फिट चालू असताना माणूस प्रतिसाद देत होता का, आणि नंतर त्याला ते आठवतं का?

वर्गात एकटक बघत राहणारं मूल घ्या. पाच-दहा सेकंद हरवलं आणि लगेच अर्धवट राहिलेलं वाक्य लिहू लागलं, तर ती अॅब्सेन्स फिट असू शकते. अशा मुलाला डॉक्टर दोन-तीन मिनिटं कागदाच्या पट्टीवर जोरजोरात फुंकर घालायला लावतात. बऱ्याचदा फुंकर मध्येच थांबते, आणि त्याच वेळी ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, सेकंदाला सुमारे तीन या गतीने टोकदार लहरी उमटतात. तेच मूल मिनिट-दीड मिनिट ओठ चाटत, शर्टाची बटणं चाचपत राहिलं आणि नंतर भांबावलं, तर संशय फोकल फिटचा.

हा फरक औषधापर्यंत जातो. फोकल फिटवर चांगलं चालणारं कार्बामाझेपिन अॅब्सेन्स आणि मायोक्लोनिक (म्हणजे क्षणभर झटका बसून हात किंवा अंग उडणाऱ्या) फिट वाढवू शकतं. म्हणूनच तरुण रुग्णाला ‘सकाळी उठल्यावर हातातला कप, ब्रश उडतो का?’ असं मुद्दाम विचारावं लागतं. असे झटके आपणहून कुणी सांगत नाही. झोप झाली नसेल, म्हणून सोडून देतात.

दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे घरच्यांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ फार मोलाचा. आधी रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर थेट हॉस्पिटल गाठा. दुसरं कुणी जवळ असेल, तर त्याला चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं शूटिंग करू द्या, आणि फिट थांबल्यावरही रुग्ण नाव सांगतो का, तेवढं टिपून मगच बंद करा.