उजळलेला क्ष-किरण स्रोत: न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर?

कास पठारावर किंवा अजिंक्यताऱ्यावर आकाशदर्शनासाठी जमणाऱ्या सातारकरांना शर्मिष्ठा चांगली ओळखीची असते. मात्र ऑक्टोबर 2017 मध्ये त्याच तारकासमूहात जो क्ष-किरण स्रोत उजळला, त्याचे किरण पृथ्वीच्या वातावरणातच शोषले गेल्याने त्याचा पत्ता प्रथम स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीला लागला. मार्च 2018 मध्ये भुजंगधारीत असाच आणखी एक स्रोत उजळला आणि तो अंतराळ स्थानकावरील मॅक्सी या जपानी उपकरणाने टिपला. यांपैकी पहिला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा आहे आणि दुसरे कृष्णविवर, पण बातम्यांतून दोघांचे वर्णन जवळपास सारख्याच शब्दांत होते.

हा गोंधळ साहजिक आहे, कारण उजळण्याची रीत दोघांची एकच आहे. जोडीदार ताऱ्याचा वायू ओढला जातो, तबकडीच्या रूपाने फिरत आत उतरतो आणि लाखो अंशांपर्यंत तापून क्ष-किरण सोडतो. वाढत्या तेजावरून वायूचा पुरवठा वाढल्याचे कळते. तो गिळणारा कोण, हे कळत नाही.

ते स्पंदावरून, म्हणजे ठरावीक अंतराने होणाऱ्या तेजाच्या चढउतारावरून, कळू शकते. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ असल्यास वायू थेट चुंबकीय ध्रुवांवर कोसळतो. चुंबकीय अक्ष भ्रमणाच्या अक्षाशी कललेला असल्याने ते तप्त ध्रुव प्रत्येक फेरीत आपल्यासमोर येतात आणि दूर जातात. शर्मिष्ठेतील स्रोताचा स्पंद सुमारे 9.8 सेकंदांचा आहे. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटनेही त्याचे निरीक्षण केले. कृष्णविवराला पृष्ठभागच नसल्याने त्याच्या भोवतालचे तेज थरथरते, क्वचित ताल धरल्यासारखेही वाटते, पण त्याला घड्याळाचा नेमकेपणा येत नाही.

उलट निष्कर्ष मात्र काढू नये. चुंबकीय क्षेत्र दुबळे असलेल्या अनेक न्यूट्रॉन ताऱ्यांचे स्पंद दिसतच नाहीत. तेव्हा जोडीदाराच्या गतीवरून वस्तुमान काढावे लागते आणि ते सूर्याच्या तिपटीहून स्पष्टपणे अधिक भरले, तरच कृष्णविवर म्हणता येते.

तेजावर विसंबण्यातला धोका सर्वांत ठळकपणे दिसला तो सप्तर्षींच्या दिशेला सुमारे 1.2 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम 82 या दीर्घिकेत. तिथला एक स्रोत न्यूट्रॉन ताऱ्याच्या अपेक्षित कमाल मर्यादेच्या सुमारे शंभरपट तेजस्वी असल्याने तो कृष्णविवरच असणार, असे मानले जात होते. 2014 मध्ये नूस्टार दुर्बिणीला त्यात 1.37 सेकंदांचा नियमित स्पंद आढळला आणि ती मर्यादाच सैल धरावी लागली. पुढे एनजीसी 5907 या दीर्घिकेतील तशाच स्रोताच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा 2003 मध्ये त्याचा स्पंद 1.43 सेकंदांचा होता आणि 2014 पर्यंत तो 1.13 सेकंदांवर आला होता, असे दिसले. कोसळणारा वायू ताऱ्याला अधिकाधिक वेगाने फिरवत होता.