एपिस्कोपल पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश: उपवासकाळ जवळ आल्यावर दिसणारा फरक

अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत रोमन कॅथलिक आणि एपिस्कोपल अशी दोन चर्चे हाकेच्या अंतरावर असतात. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी या दोन्हींत जाऊन आलेल्या नवख्या माणसाला, विशेषतः वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात वाढलेल्याला, आपण एकाच पंथाच्या दोन देवळांत जाऊन आलो असे वाटले तर त्यात नवल नाही. दोन्हीकडे वेदी, मेणबत्त्या आणि धर्मगुरूंच्या अंगावर हिरवे झगे असतात; जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान याच क्रमाने वाचने होतात; आणि काही दिवसांनी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आला की दोन्हीकडे कपाळावर राखेचा क्रूस काढला जातो. फरक विचारला तर ‘एपिस्कोपल म्हणजे पोप नसलेले कॅथलिक’ असे ठरावीक उत्तर मिळते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण पोप नसल्यामुळे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक मंडळीच्या, रोजच्या व्यवहारात काय बदलते हे त्यातून कळत नाही. माझ्या मते हा फरक उपासनेच्या दर्शनी रूपात शोधू नये. कोणती गोष्ट बंधनकारक आहे आणि ती कोण ठरवतो, या प्रश्नात तो शोधावा. लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, जवळ येऊ लागला की हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

एपिस्कोपल चर्चचा उगम राजकीय अडचणीतून झाला. अमेरिकेतल्या वसाहतींतले अँग्लिकन लोक इंग्लंडच्या चर्चचे सभासद होते आणि त्या चर्चचा प्रमुख इंग्लंडचा राजा होता. स्वातंत्र्ययुद्धानंतर राजाशी निष्ठेची शपथ घेणे अमेरिकी नागरिकाला शक्य नव्हते आणि त्या शपथेशिवाय इंग्लंडमध्ये कोणाला बिशपपदाची, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखपदाची, दीक्षा मिळत नव्हती. म्हणून कनेटिकटचे सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबरडीन येथे तिथल्या बिशपांकडून त्यांनी दीक्षा घेतली. पुढे १७८९ मध्ये फिलाडेल्फियात नव्या चर्चची घटना आणि स्वतःचे प्रार्थनापुस्तक मंजूर झाले. त्या घटनेने बिशप ठेवले, परंपरागत उपासना ठेवली, पण सत्ता सभेकडे दिली. आजही दर तीन वर्षांनी भरणाऱ्या महासभेची दोन सभागृहे असतात. एकात बिशप बसतात, तर दुसऱ्यात दीक्षित प्रतिनिधी आणि सामान्य श्रद्धावंत समान संख्येने बसतात. बिशपसुद्धा धर्मप्रांताच्या सभेत मतदानाने निवडला जातो, आणि त्या निवडीला इतर धर्मप्रांतांची संमती लागते. कॅथलिक चर्चमध्ये बिशपची नेमणूक पोप करतात.

हीच रीत खाली पॅरिशपर्यंत उतरते. एपिस्कोपल पॅरिशची वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या आसपास, रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या सभागृहात भरते. तिथे अंदाजपत्रक मांडले जाते, गळक्या छपरावर आणि बॉयलरवर चर्चा होते आणि व्हेस्ट्री, म्हणजे पॅरिशचे कार्यकारी मंडळ, निवडले जाते. या मंडळात दोन वॉर्डन, म्हणजे त्यातले प्रमुख पदाधिकारी, असतात. रेक्टर, म्हणजे पॅरिशचे मुख्य धर्मगुरू, निवृत्त झाले किंवा दुसरीकडे गेले तर नवे रेक्टर शोधून त्यांना बोलावण्याचा अधिकार बिशपच्या सल्ल्याने याच व्हेस्ट्रीकडे असतो. लेंटच्या सुमारास व्हेस्ट्रीसमोर आणखी एक अगदी लौकिक काम असते: सभासदसंख्या, रविवारची सरासरी उपस्थिती आणि जमाखर्च यांचा वार्षिक अहवाल १ मार्चपर्यंत सादर करायचा असतो. राखेची सोय आणि हिशेबाचे तक्ते एकाच पंधरवड्यात करावे लागतात आणि बऱ्याचदा ते करणारी माणसेही तीच असतात.

कॅथलिक पॅरिशमध्ये मुख्य धर्मगुरूंना बिशप नेमतात. तिथेही पॅरिश कौन्सिल असते, आणि अर्थसमिती तर चर्चच्या कायद्यानुसार असावीच लागते, पण दोन्हींचे काम सल्ला देण्याचे आहे. यावरून एपिस्कोपल पॅरिश म्हणजे स्वतंत्र मंडळी, असा समज मात्र करून घेऊ नये. पॅरिशची मालमत्ता धर्मप्रांताच्या आणि संपूर्ण चर्चच्या विश्वस्त हक्काखाली असते, रेक्टरला हटवणे व्हेस्ट्रीच्या एकटीच्या हाती नसते, आणि दृढीकरणासाठी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वचनांना दुजोरा देण्याच्या विधीसाठी, बिशपांना स्वतः यावे लागते.

उपासना इतकी सारखी का दिसते, याचे कारण बरेचसे अलीकडचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असंख्य एपिस्कोपल पॅरिशमध्ये रविवारची मुख्य उपासना म्हणजे प्रातःप्रार्थना असे. स्तोत्रे, वाचने, प्रवचन, आणि कम्युनियन, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, फार तर महिन्यातून एकदा. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकाने कम्युनियनची उपासना ही रविवारची मुख्य उपासना ठरवली. दुसरीकडे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ मधल्या बिशपांच्या सुधारणा परिषदेनंतर, लोकभाषेत मिस्सा (कम्युनियनची कॅथलिक उपासना) आणली आणि १९६९ मध्ये तीन वर्षांच्या चक्राचा नवा वाचनक्रम तयार केला. एपिस्कोपल चर्च आज जो सामाईक वाचनक्रम वापरते, तो याच कॅथलिक क्रमावरून बेतलेला आहे. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन चर्चांत एकाच रविवारी एकाच शुभवर्तमानावर दोन प्रवचने होतात, हा योगायोग नव्हे.

तरीही कान देऊन ऐकणाऱ्याला वेगळेपण सापडते. कॅथलिक मिस्सेत मुख्य प्रार्थनेमध्ये पोपचे आणि स्थानिक बिशपचे नाव घेतले जाते. एपिस्कोपल उपासनेत लोकांच्या प्रार्थनांमध्ये अध्यक्षीय बिशपचे, म्हणजे संपूर्ण एपिस्कोपल चर्चच्या प्रमुखांचे, आणि धर्मप्रांताच्या बिशपचे. प्रभूची प्रार्थना एपिस्कोपल मंडळी ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’ या शेवटापर्यंत सलग म्हणतात, तर कॅथलिक मिस्सेत त्या शेवटाआधी धर्मगुरूंची एक छोटी प्रार्थना येते. मला सर्वांत बोलका वाटतो तो लेंटपूर्वीचा शेवटचा रविवार. त्या दिवशी एपिस्कोपल चर्चमध्ये दरवर्षी येशूच्या रूपांतराचे शुभवर्तमान वाचतात. डोंगरावरचा तो प्रकाश पाहून मगच मंडळी येशूने रानात उपवासात काढलेल्या चाळीस दिवसांकडे वळतात. कॅथलिक क्रमात तोच प्रसंग लेंटच्या दुसऱ्या रविवारी येतो, म्हणजे वाट चालू लागल्यावर. पहिल्या रविवारी मात्र दोन्हीकडे सैतानाने रानात घेतलेली येशूची परीक्षाच वाचली जाते. काही एपिस्कोपल पॅरिशमध्ये त्या दिवशी चर्चमध्ये फेरी काढून महालितनी गातात. ही विनवण्यांची दीर्घ माळ कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४४ मध्ये इंग्रजीत रचली होती.

वेदीपाशी कोण उभे आहे, हा फरक तर पाहताक्षणी कळतो. एपिस्कोपल धर्मगुरू विवाहित असू शकतात, आणि १९७६ च्या महासभेच्या निर्णयापासून स्त्रियांनाही धर्मगुरूपदाची दीक्षा मिळते. १९८९ मध्ये बार्बरा हॅरिस या संपूर्ण अँग्लिकन परिवारातल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या.

आठवड्याची घडी दोन्हीकडे बरीच मिळतीजुळती असते: एखाद्या संध्याकाळी गायकवृंदाचा सराव, शनिवारी वेदीची स्वच्छता आणि फुले, गरजूंसाठी शिधावाटप. एपिस्कोपल पॅरिशची खास म्हणावी अशी गोष्ट म्हणजे रविवारी सकाळी आठची उपासना. ती संगीताशिवाय, बऱ्याचदा जुन्या वळणाच्या इंग्रजीत होते आणि तिला ठरलेली, मोजकी, बहुधा वयस्कर माणसे येतात. नंतरच्या गायनासह होणाऱ्या उपासनेला कुटुंबे येतात, आणि ती संपल्यावर कॉफीसाठी सगळे थांबतात. पॅरिशचे निम्मे निर्णय कॉफीच्या त्या पाऊण तासातच होतात, असे म्हटले तर वॉर्डन मंडळी फारसा विरोध करणार नाहीत.

लेंटची चाहूल लागते ती आदल्या मंगळवारी. राखेचा बुधवार ईस्टरपूर्वी ४६ दिवस येतो. मधले सहा रविवार उपवासात धरले जात नसल्याने उरतात ते चाळीस दिवस. ईस्टरची तारीख हलती असल्यामुळे हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही पडतो. आदला दिवस गोव्यात इंत्रुजाचा, म्हणजे कार्निव्हलचा, आणि न्यू ऑर्लीन्समध्ये मार्डी ग्रासचा, म्हणजे मूळ कॅथलिक वळणाच्या उत्सवाचा शेवटचा दिवस असतो. एपिस्कोपल पॅरिशने मात्र इंग्लंडची रीत उचलली आहे: उपवासाआधी घरातली अंडी, लोणी आणि दूध संपवायचे, म्हणून संध्याकाळी चर्चच्या सभागृहात पॅनकेकचे जेवण. बऱ्याच ठिकाणी पॅरिशमधले पुरुष स्वयंपाक करतात, आणि त्याच सुमारास गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेल्या आणि आता वाळलेल्या झावळ्या जाळून दुसऱ्या दिवसाची राख तयार केली जाते.

या राखेविषयी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. कॅथलिक परंपरेत राख लावण्याची प्रथा मध्ययुगापासून अखंड आहे. एपिस्कोपल चर्चच्या १९२८ च्या प्रार्थनापुस्तकात या बुधवारसाठी पश्चात्तापाची उपासना होती, पण राख नव्हती. ती १९७९ च्या पुस्तकात आली, आणि तीही ऐच्छिक म्हणून. आज ती इतकी रुळली आहे की गेल्या दीड-दोन दशकांत कित्येक एपिस्कोपल धर्मगुरू झगा घालून रेल्वेस्थानकाबाहेर किंवा चौकात उभे राहतात आणि कामावर निघालेल्यांच्या कपाळाला राख लावतात. यावर त्यांच्याच मंडळीत मतभेद आहेत. पश्चात्तापाच्या प्रार्थनांशिवाय नुसती राख देणे योग्य आहे का, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो मला वजनदार वाटतो. शिवाय त्या दिवशी दोन्ही चर्चांत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला जो उतारा वाचतात, त्यात उपवास लोकांना दिसू देऊ नका, तोंड धुवा, असे सांगितले आहे. तो ऐकून सगळे राख लावलेल्या कपाळाने बाहेर पडतात, ही विसंगती दोन्हीकडे सारखीच.

खरा दुभंग पुढे आहे. कॅथलिक चर्चचा नियम स्पष्ट आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षांच्या व्यक्तींनी उपवास करायचा, म्हणजे एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडे खाणे; आणि अमेरिकेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने त्या दोन दिवशी व लेंटच्या सर्व शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे. या नियमाची छाप बाजारावरही पडते. मॅकडोनाल्ड्सचे फिले-ओ-फिश हे माशाचे सँडविच १९६२ मध्ये सिनसिनाटीच्या एका शाखाचालकाने काढले, ते शुक्रवारी बर्गर न खाणाऱ्या कॅथलिक गिऱ्हाइकांसाठीच. मिडवेस्टमधल्या कॅथलिक पॅरिशमध्ये लेंटच्या शुक्रवारी तळलेल्या माशांच्या पंगती उठतात आणि त्यांना परपंथीयही आवर्जून येतात.

एपिस्कोपल प्रार्थनापुस्तक लेंटमधले रविवारखेरीजचे दिवस आणि गुड फ्रायडे हे विशेष शिस्तीचे आणि आत्मसंयमाचे दिवस मानते, पण काय खावे, किती खावे, कोणत्या वयापासून, याविषयी काहीच सांगत नाही. राखेच्या बुधवारी धर्मगुरू मंडळीला आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, प्रार्थना, उपवास आणि शास्त्रवाचन यांचे आमंत्रण देतात. ते आमंत्रण असते, आज्ञा नव्हे. पापनिवेदनाचेही तसेच आहे. गंभीर पापे वर्षातून एकदा तरी धर्मगुरूंपाशी कबूल करणे कॅथलिकांना बंधनकारक आहे. एपिस्कोपल चर्चमध्ये एकट्याने पापनिवेदन करण्याचा विधी प्रार्थनापुस्तकात आहे, पण त्याविषयी जुना दंडक असा की सर्वांना मुभा आहे, कोणालाही सक्ती नाही, काहींनी मात्र करावेच. बहुसंख्य लोक रविवारच्या सामूहिक कबुलीवर आणि त्यानंतरच्या क्षमोच्चारावर समाधान मानतात.

सक्ती नाही म्हणजे सोपे आहे, हा निष्कर्ष मला पटत नाही. सगळी पॅरिश शुक्रवारी मांस सोडते तेव्हा नियमच माणसाला धरून ठेवतो. एकट्याने ठरवलेला नियम तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या नकळत सुटतो. म्हणूनच बऱ्याच एपिस्कोपल पॅरिशमध्ये लेंटमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी, साधारणपणे बुधवारी, साधे सूप-पाव आणि त्यानंतर बायबलचा अभ्यास असा कार्यक्रम ठेवतात. काही ठिकाणी शुक्रवारी क्रुसाची वाटही करतात, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीच्या टप्प्यांवर थांबून प्रार्थना करतात. नियमाने जी सोबत आयती मिळते, ती इथे कार्यक्रमातून उभी करावी लागते.

प्रवासात किंवा परगावी राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला यातला एक फरक प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. राख दोन्ही चर्चांत कोणालाही मिळते. कम्युनियन एपिस्कोपल चर्चमध्ये, पंथ कोणताही असो, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकासाठी खुले आहे, आणि भाकर व द्राक्षारस दोन्ही दिले जातात. कॅथलिक चर्चमध्ये ते काही अपवाद सोडल्यास कॅथलिकांपुरतेच असते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पूर्वीचे अँग्लिकन सामील झाले आणि ते चर्च आजही अँग्लिकन परिवाराचे सभासद आहे. त्यामुळे नाशिकहून किंवा पुण्याहून गेलेला त्या चर्चचा सभासद एपिस्कोपल पॅरिशमध्ये नात्यातला म्हणूनच वेदीपाशी जातो. वसईहून गेलेल्या कॅथलिकाचेही एपिस्कोपल मंडळी तिथे स्वागत करतील, पण त्याचे स्वतःचे चर्च त्याला तिथे कम्युनियन घेण्याची परवानगी देत नाही. त्याने उपासनेला बसावे, राख घ्यावी, आणि कम्युनियनच्या वेळी छातीवर हात आडवे घेऊन फक्त आशीर्वाद मागावा.